जखमेचा हिशेब

आमच्या घरात ‘अलाहाबाद’ या शब्दाचा त्रिवेणी संगमाशी काही संबंध नव्हता. अलाहाबाद म्हणजे थोरल्या काकांची पेन्शन. लष्करी निवृत्तिवेतनाचा सगळा हिशेब तिथल्या कार्यालयात होतो, एवढेच आम्हा मुलांना ठाऊक होते. पोस्टमन गल्लीत दिसला की काकू ओट्यावरून विचारायची, “अलाहाबादचं काही आहे का?” काका आत बसलेले असत. त्यांना पोस्टमनची सायकलची घंटा ऐकू येत नसे, आणि काकूचा प्रश्नही नाही.

काका तोफखान्यात होते. देवळालीत शिकले, ६५ आणि ७१ अशी दोन्ही युद्धे पाहिली आणि दोन्हीतून अंगावर ओरखडासुद्धा न येता परतले. फक्त कान गेले. ते एकाच दिवशी गेले नाहीत. तोफेशेजारी उभे राहून वर्षानुवर्षे, हळूहळू गेले. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने तपासले आणि बहिरेपणाला शेकड्यात माप दिले. ते वीस टक्क्यांच्या आत भरले. वीसच्या आतल्या अपंगत्वाला वेगळे पेन्शन नाही, असा नियम. पुढे कुठल्याशा कार्यालयात त्यांनी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा त्याच नियमाचा हवाला देऊन तो परत आला. काकू शेजारणीला सांगायची, “वीस भरले नाहीत म्हणे. जसं काही रेशनवरचे गहू मोजत होते!”

काकूचे ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. जखम मोजायची कोणी, कशाने, आणि मापात न बसणाऱ्या जखमेचे काय करायचे? या प्रश्नामागे मी काही वर्षे जमेल तसे वाचत गेलो. प्रश्न काकांपेक्षा पुष्कळ जुना निघाला.

होनांची मोजणी

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या हिशेबाची पहिली ठळक नोंद कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत सापडते. ही बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिली गेली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाचा निकाल लागला. त्यानंतर महाराजांनी आपल्या लोकांसाठी काय केले, ते सभासद मोजक्या ओळींत सांगतो. जे कामास आले त्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन चालवले. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन बांधून दिले. जखमींना जखमेच्या स्वरूपाप्रमाणे पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिले.

या नोंदीकडे आपण बहुधा अभिमानाने पाहतो आणि पुढे जातो. मी थोडा रेंगाळलो. साडेतीनशे वर्षांनंतरच्या सरकारी नियमपुस्तकातली तिन्ही खाती इथे आधीच मांडलेली दिसतात : वारसाची सोय, विधवेचे वेतन आणि जखमेची श्रेणी. विधवेला निमे वेतन मिळते, पण पुत्र नसेल तेव्हा. म्हणजे घराचा आधार प्रथम मुलगा, आणि तो नसेल तर राज्य. जखम पाहूनच पैसे द्यायचे, तर ती डोळ्यांना दिसणारी हवी. तलवारीच्या वाराला हे माप बरोबर लागू पडते, आणि त्या काळी जखमा बहुतेक तशाच असत.

पेशवाईत या सोयीला रूढ नाव मिळाले. कामास आलेल्या शिपायाच्या लेकरांच्या पोषणासाठी जी नेमणूक होई तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. मराठ्यांच्या राज्यकारभारावर १९२०च्या दशकात इंग्रजीत ग्रंथ लिहिणाऱ्या सुरेंद्रनाथ सेन यांनी तिची दखल घेतली आहे. बालपरवेशी हा शब्द आज कोशात उरला आहे, आणि तो आपण वापरातून जाऊ दिला याची मला खंत वाटते. ‘अनुकंपा अनुदान’ म्हटले की डोळ्यांसमोर अर्ज आणि शिक्के येतात. बालपरवेशी म्हटले की लेकरू दिसते.

पण शब्द गोड आहे म्हणून व्यवस्थेचे दोष झाकू नयेत. ही नेमणूक धन्याच्या मर्जीवर चाले. राज्य गेले की ती गेली. १८१८ला पेशवाई बुडाली. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला दात फुटले, आणि दख्खनच्या घराघरांतून जुन्या सनदा तपासणीसाठी मागवल्या गेल्या. ज्यांना कागद दाखवता आला नाही त्यांची इनामे गेली. पूर्वज लढून मेला हे गावाला माहीत होते, पण गावाची साक्ष पुरेशी नव्हती. कागद नसलेली जखम सरकारदरबारी जखम राहिली नाही.

पेन्शनीवर शिकलेली पिढी

इंग्रजांनी या व्यवहारात कराराची शिस्त आणली. ठरावीक वर्षे नोकरी केली, किंवा नोकरीत निकामी झालो, तर दरमहा ठरलेले पैसे मिळणार, ही खात्री कंपनीच्या आणि पुढे राणीच्या पलटणीत शिपाई ओढून नेणारी होती. दुष्काळी मुलखात नियमित येणारा रोख पैसा ही साधी गोष्ट नव्हे. जमीन नसलेल्यांना तर तोच पैसा जमिनीच्या जागी होता.

त्याचा एक परिणाम इंग्रजांच्या ध्यानीमनी नसावा. कोकणात दापोलीला लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. त्यात महार पलटणींमधले निवृत्त सुभेदार, हवालदार पुष्कळ होते. पलटणीत लिहायला-वाचायला शिकलेली ही माणसे. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. १८९०च्या दशकाच्या आरंभी सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहिणाऱ्यांत ते आघाडीवर होते. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत आणि मग साताऱ्यात राहिले. त्यांच्या धाकट्या मुलाने १९३० साली आमच्या नाशकात काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह उभा केला. एका सुभेदाराच्या पेन्शनीतून घरात आलेली पुस्तके किती लांबवर पोचली, याचा ताळेबंद कुठल्याच लेखा कार्यालयाने मांडला नसेल. पेन्शन म्हणजे केवळ म्हाताऱ्याचे पोट नव्हे. पुढच्या पिढीला पाय टेकायला दिलेली ती जागा असते. भरती बंद झाली तेव्हा हातातून काय चालले आहे, हे त्या अर्जदारांना नेमके कळले होते.

तैग्रिसवरून परत

आमच्या घरातला पहिला शिपाई म्हणजे माझे पणजोबा. सिन्नर तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून ते मराठा पलटणीत भरती झाले. तेव्हा शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. पहिले महायुद्ध पेटले आणि ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जाऊन पोचले. नोव्हेंबर १९१५च्या अखेरीस बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी लढाई झाली. हिंदी शिपाई त्या जागेला सलमान पाक म्हणत. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिथे होत्या. पणजोबांच्या दंडात गोळी शिरली, आणि त्यांच्यापुरते ते इष्टच ठरले. जखमी म्हणून त्यांना बोटीने खाली बसऱ्याकडे धाडले. मागे राहिलेले कूत-अल्-अमाराच्या वेढ्यात सापडले. २९ एप्रिल १९१६ला उपाशी फौजेने तिथे शरणागती पत्करली, आणि कैदेतल्या पायपिटीत त्यांतले हजारो मेले.

बोटीने धाडले, हे वाचायला सोपे वाटते. त्या बोटींचे वर्णन वैद्यकीय सेवेतल्या मेजर कार्टर यांनी चौकशी आयोगापुढे केले आहे. बसऱ्याला येऊन लागलेल्या आगबोटीवर जखमी दाटीवाटीने उघड्या डेकवर पडले होते. कित्येक दिवसांत त्यांच्या पट्ट्या बदलल्या नव्हत्या. मलमूत्र बोटीच्या कडांवरून ओघळून वाळले होते. कार्टर यांनी तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दटावले. १९१७ साली मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

या जखमींच्या लाटेमुळे मुंबई इलाख्याचे रूप पालटले. शाळा-बंगल्यांची इस्पितळे झाली. देवळालीच्या छावणीत वेल्सहून आलेल्या डॉक्टर-परिचारिकांचे ३४ क्रमांकाचे जनरल हॉस्पिटल उभे राहिले. हातपाय गमावलेल्या हिंदी शिपायांना धंदा शिकवावा म्हणून गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. ते पुढे पुण्याजवळ खडकीला गेले आणि आजही चालू आहे. नुसते पैसे देऊन जखम भरत नाही, माणसाला पुन्हा काम हवे, हा विचार इथे प्रथम संस्थेच्या रूपाने रुजला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. १९७४ मध्ये खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्यांनी चाळण होऊन कमरेखाली पंगू झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. देशाने त्यांना पद्मश्री दिली, पण त्यासाठी २०१८ उजाडावे लागले.

पणजोबांना जखमेची पेन्शन बसली. तिच्यावर त्यांनी विहीर खणली. १९३६ मध्ये ते हिवतापाने गेले आणि पेन्शन त्या महिन्यात बंद झाली. शिपाई लढाईत किंवा लढाईच्या जखमेने मेला तरच बायकोला वेतन मिळणार, असा तेव्हाचा दंडक होता. साध्या तापाने मेलेल्या पेन्शनराची बायको कोणाच्याच खात्यात नव्हती. पणजी त्यानंतर २० वर्षे लोकांच्या बांधावर निंदणी-खुरपणी करून जगली. सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन आपल्याकडे १९६४ पासून सुरू झाले. ती आठ वर्षे आधीच गेली होती. सभासदाच्या निम्म्या वेतनाची ओळ मी वाचली, तेव्हा मला प्रथम तिची आठवण झाली.

देवळालीचा ताप

नाशिक जिल्ह्याने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. इंग्रजीत एखादा माणूस भ्रमिष्ट झाला, त्याचे डोके फिरले, असे म्हणायचे असेल तर तो ‘डूलॅली’ झाला म्हणतात. हा शब्द आपल्या देवळालीचा अपभ्रंश. मूळ प्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा होता. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

एकोणिसाव्या शतकात मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सोल्जरांचा तळ देवळालीला असे. बोटी फक्त हिवाळ्याच्या हंगामात सुटत. मुदत संपलेल्या सोल्जराला कधीकधी महिनोन्महिने इथे ताटकळावे लागे. काम नाही, ऊन रणरणते, दारू स्वस्त, आणि मागे वर्षानुवर्षांचा सीमेवरचा मुक्काम. त्यातले काही बिघडत. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका जुन्या सोल्जराने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत या तळाविषयी लिहिले आहे. पुढे इंग्लंडच्या दूरदर्शनवर देवळालीच्या छावणीत घडणारी एक विनोदी मालिका बरीच वर्षे चालली, आणि लोक पोट धरून हसले.

मला या हसण्यात इतिहास दिसतो. हात तुटलेल्या माणसाला कोणी हसत नाही, त्याला माप लागू होते. मनाने खचलेल्या माणसासाठी नियमपुस्तकात खाते नव्हते, म्हणून त्याच्यासाठी टोपणनाव तयार झाले. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली थरथरणारी, वाचा गेलेली माणसे हजारोंनी परतली तेव्हा इंग्लंडला या दुखण्याची पेन्शन मान्य करावी लागली. आमच्या खेड्यांत परतलेल्या अशा शिपायाला ‘बाहेरचं लागलं’ म्हणत आणि अंगारा लावत.

काकांच्या बहिरेपणालाही घरात टोपणनावे होतीच. आम्ही मुले त्यांना ‘तोफ’ म्हणत असू, कारण ते मोठ्याने बोलत. आज ते आठवले की खाली मान जाते.

तीस, साठ, शंभर

स्वतंत्र भारताने या खात्यात पुष्कळ केले, ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळला जातो आणि निधी गोळा होतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वसतिगृह, शिष्यवृत्ती, वैद्यकीय मदत यांची कामे चालतात. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी आरोग्य योजना आली. समान पद समान निवृत्तिवेतन १ जुलै २०१४ पासून लागू धरले गेले. राज्याने २०२० साली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ केली.

तरी हिशेबाचा गाभा पाहायचा तर तो वर्गवारीत आहे. पाचव्या वेतन आयोगानंतर मृत्यू आणि अपंगत्व यांचे पाच वर्ग ठरले. नोकरीशी संबंध नसलेला आजार हा पहिला. नोकरीमुळे जडलेला किंवा बळावलेला आजार दुसरा, कर्तव्यावरचा अपघात तिसरा. अतिरेक्यांचा किंवा समाजकंटकांचा हल्ला चौथा, आणि प्रत्यक्ष युद्ध वा लष्करी कारवाई पाचवी. जवान गेला तर पहिल्या वर्गात त्याच्या पत्नीला शेवटच्या वेतनाच्या साधारण ३० टक्के, दुसऱ्या-तिसऱ्यात ६० टक्के आणि शेवटच्या दोन वर्गांत पूर्ण १०० टक्के मिळतात. जखमींचेही तसेच. शंभर टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के असा अपंगत्वाचा भाग धरतात. युद्धात जखमी होऊन घरी पाठवलेल्याला तो वेतनाइतका.

तर्क समजतो. सीमेवरची गोळी आणि बराकीतला आजार राष्ट्राने सारखे का मानावेत? पण बाईच्या बाजूने पाहा. चूल तीच, मुले तितकीच, कपाळ तसेच. एका कारकुनाने कारणाच्या रकान्यात कोणता शब्द लिहिला, त्यावर ३० की १०० हे ठरते. म्हणून खरी लढाई रकम किती यापेक्षा कारण कोणते यावर होते.

ती लढाई २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात झाली. सिग्नल विभागातल्या या जवानाला नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फेफऱ्याच्या विकारामुळे घरी पाठवले गेले. आजार नोकरीमुळे नव्हे, असे सांगून अपंगत्वाचे पेन्शन नाकारले गेले. न्यायालयाने म्हटले की भरतीच्या वेळी जवान धडधाकट असल्याची नोंद असेल, तर पुढचा आजार नोकरीतच जडला असे धरले पाहिजे. तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा जवानाला. दिसत नसलेल्या जखमेच्या बाजूने इतक्या स्पष्टपणे बोललेले कागद आपल्याकडे थोडे आहेत. २०२३ मध्ये पात्रतेचे नवे नियम आले. त्यांत ही जुनी गृहीतके बदलली म्हणून माजी सैनिकांच्या संघटनांनी हरकत घेतली आहे. वाद चालू आहे.

विधवेच्या बाबतीत मर्जीचा जुना वास फार उशिरापर्यंत टिकला. शौर्यपदक मिळवलेल्या जवानाच्या पत्नीने पुनर्विवाह केला तर पदकाचा भत्ता बंद होई. अपवाद एकच : तिने दिराशी लग्न केले तर तो चालू राही. पैसा घराबाहेर जाऊ नये, ही जमीनदाराची बुद्धी सरकारी नियमात बसली होती. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात, कुपवाड्यात धारातीर्थी पडलेल्या कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक लष्करात अधिकारी म्हणून रुजू झाल्या होत्या. समाज नियमाच्या पुढे निघून गेला होता.

नवे खाते

१० ऑक्टोबर २०२४ रोजी दोन अग्निवीरांचा देवळालीच्या रेंजवर सरावात तोफगोळ्याच्या स्फोटाने मृत्यू झाला. वयाची विशीही धड उलटली नव्हती. २०२२ पासूनच्या योजनेत अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होतो. कर्तव्यावर मृत्यू आला तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान आणि काही इतर रकमा कुटुंबाला मिळतात. कायमचे अपंगत्व आले तर १००, ७५ आणि ५० टक्क्यांच्या श्रेणीने ४४, २५ आणि १५ लाख. निवृत्तिवेतन नाही.

रक्कम लहान नाही, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. माझ्या पणजीने इतका पैसा स्वप्नातही पाहिला नसता. पण हिशेबाची जात बदलली आहे. होन एकदा मोजून द्यायचे आणि वेतन जन्मभर चालवायचे, या दोन गोष्टी सभासदाच्या नोंदीतही वेगळ्या आहेत. होन जखमेचे होते, वेतन नात्याचे होते. एकरकमी पैसे दिले की देणारा मोकळा होतो. दरमहा देणाऱ्याला दरमहा आठवण ठेवावी लागते. वीस वर्षांच्या पोराचा पाय गेला तर पुढची पन्नास वर्षे त्या पायाचा हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न विचारणे म्हणजे लष्कराचा अवमान नव्हे. तो आपल्याच जुन्या रिवाजाचा प्रश्न आहे.

काका आता नव्वदीला टेकले आहेत. दर नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर उभे राहावे लागे. आता पेन्शनीची नवी संगणक प्रणाली आली आहे, तिचे नाव ‘स्पर्श’. गेल्या वर्षी मीच मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसलो. पडद्यावर सूचना आली की डोळ्यांची उघडझाप करा. मी मोठ्याने सांगितले. त्यांना ऐकू आले नाही. मग मी स्वतः त्यांच्यासमोर डोळे मिटून उघडून दाखवले, तेव्हा त्यांनी तसेच केले आणि दाखला मंजूर झाला.

तेवढ्यात देवळालीच्या बाजूने तोफांचा सराव सुरू झाला. खिडकीची तावदाने थरथरली. काकांनी हातातला चहाचा कप बशीत ठेवला, तावदानाला तळवा लावला आणि क्षणभर थांबून म्हणाले, “आज वारा इकडचा आहे.”